दोघं बसल्यावरचा आवाज

कालव्याच्या उतारावर आमच्या बॅटरीच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला आणि आम्ही नवरा-बायको खडीवर आपटलो. तासाभरापूर्वीच बारामतीतल्या एका मिस्त्रीच्या दुकानातून निघालो होतो.

सायकल कटकट वाजते म्हणून मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्याच्याकडे नेली होती. नाव मी विचारलं नाही. किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. त्यानं मोटर बंद करून नुसतं पायडल मारलं, तरी आवाज आला. "मोटर न्हाय," म्हणाला. मग मला मागं बसवलं, मालकांना चालवायला लावलं आणि कान पुढच्या चाकाकडं करून वाकून शेजारी पळत राहिला. रस्त्यावरची माणसं हसली. मीही हसले.

तो धापा टाकत थांबला. "आजी, दोघं बसल्यावरच वाजतंय. पुढं कुठंतरी चीर हाय. सापडंपर्यंत सायकल हितंच ठेवा, एस्टीनं जावा."

मालक उतरायला लागले होते. मी म्हणाले, "बसा वो तुमी! गिऱ्हाईक अडकवायला बरं जमतंय ह्याला. आवाजानं कुणी मरतंय व्हय?"

तो रागावला नाही. बाजूला सरून त्यानं वाट दिली.

दहाव्याच्या दिवशी तो आमच्या दारात आला. खाली बघत म्हणाला, "आजी, मी तुमचं ऐकायला नको हुतं."

चूक माझी होती, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही. त्याला नुसता चहा दिला.

सायकलवर आम्ही दोघं होतो. मालक जागेवरच गेले. मी वाचले.