माळावर न पोचलेल्या गोगलगायी

आमच्या अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, उभ्या जन्मात मुंगी मारली नाही. तांदळातल्या अळ्यासुद्धा ती सुपातून अंगणात नेऊन सोडायची. तिथे चिमण्या त्या टिपायच्या, पण तोवर ती आत आलेली असायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी मैंदर्गीजवळच्या आमच्या रानात शंखी गोगलगायी निघाल्या, तेव्हा मला पिकाआधी तिची काळजी लागली.

या गोगलगायी आपल्याकडच्या नव्हेत. परमुलखातून आलेल्या, मुठीएवढ्या शंखाच्या. पाऊस झाला की बांधातून बाहेर पडतात आणि सोयाबीनची कोवळी रोपं ओळीच्या ओळी फस्त करतात. कृषी सहायकाने उपाय सांगितला: वेचा, मिठाच्या पाण्यात बुडवा, खड्ड्यात टाकून वर चुना घाला. अव्वाने गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "मारू नगं. माळावर नेऊन सोड. तितं जगतील की."

मी सोलापुरात मास्तर, शनिवार-रविवारी घरी येणारा. हाताला खडूची सवय, पोत्याची नाही. आम्ही मायलेकांनी वेचून तीन पोती भरली. पोती ओली, जड, आणि वास असा की मोटरसायकलच्या मागे बांधलं तरी पुढे नाकात शिरत होता. माळ लांब होता, ओढा वाटेतच होता, आणि ओढ्याला पाणीही चांगलं होतं. मी तिन्ही खेपा तिथेच रिकाम्या केल्या. शेवटचं पोतं हातातून निसटलं, तेही जाऊ दिलं. घरी येऊन सांगितलं, सोडल्या माळावर. अव्वाने खूश होऊन मला गरम भाकरी वाढली.

हा ओढा पुढे मामाच्या रानाला लागून जातो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, लहानपणी तिथेच पोहायला शिकलो. कंटाळा आला होता, एवढंच.

दहा-बारा दिवसांनी मामा आला. अव्वाचा धाकटा भाऊ, आमच्यामागून पेरणी केलेला. काखेत घडी घातलेलं पोतं होतं. आडतीवर बदलू नयेत म्हणून आमच्या पोत्यांवर निळ्या रंगाच्या दोन फुल्या असतात, त्या त्यावर होत्या. ओढ्याकाठी सापडलं म्हणाला. धुऊन, वाळवून आणलं होतं. ते ओट्यावर ठेवून त्याने सांगितलं, रोपं गेली, निम्म्याहून जास्त. मग बहिणीला विचारलं, तुमच्या गोगलगायी कशा घालवल्या?

अव्वाने पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. तिने मला बाजारातून खडेमीठ आणायला पाठवलं.

चार दिवस ती मामाच्या रानात होती, मीही शाळेत रजा टाकून. सुरू करण्याआधी तिने लिंग गळ्यातून फिरवून पाठीवर घेतलं. मिठाच्या पिंपात गोगलगायी ओतल्या की वर फेस यायचा आणि शंख एकमेकांवर घासत राहायचे. तो आवाज बराच वेळ थांबत नसे. मी पिंपाशी गेलो तर तिने मला बाजूला सारलं. मी फक्त वेचायचं, बुडवायचं तिने. दुसऱ्या दिवशी ती भावाला म्हणाली, "आमच्याच हायत ह्या. आमीच सोडल्या."

"पोतं धुतानाच कळलं, अक्का," मामा म्हणाला आणि खड्डा खणत राहिला. मला लाज वाटली, आणि मी पुढच्या ओळीत वेचायला गेलो.

रान वाचलं नाही. दुबार पेरणीचे दिवसही निघून गेले होते. शेवटच्या खड्ड्यावर चुना टाकून अव्वा पंपाच्या पाण्याखाली हात माती लावून घासत बसली. बुळबुळ जात नव्हती. वर न बघता तिने विचारलं, "खरं सांग. माळावर नेल्या असत्यास तर जगल्या असत्या का?"

आमचा माळ म्हणजे नुसता मुरूम. ना झाड, ना गवत. पाऊस उघडला की तव्यासारखा तापतो. तिथे त्या एका दिवसात वाळून मेल्या असत्या. हे सांगितलं असतं तर माझा भार निम्मा हलका झाला असता, आणि तिला सुपातल्या अळ्यांपासून सगळं पुन्हा आठवावं लागलं असतं.

"जगल्या असत्या," मी म्हणालो.

तिने लिंग पाठीवरून पुढे घेतलं.

"मग ह्या तू मारल्यास," ती म्हणाली.

मी व्हय म्हणालो.