एका जिवाची मॅच

बस वडखळ नाक्यावर थांबली की ताई खिडकीतून हात बाहेर काढायच्या. हातात रुमालाचं एक टोक. रुमाल कुठल्या बाजूला उडतोय ते नीट बघायच्या, मग मागे वळून सगळ्या बसला विचारायच्या, "बोला, वारा कुठून हाय?"

कोणीतरी उत्तर द्यायचं आणि मॅच सुरू व्हायची.

आमच्या केमिकल कंपनीची बस सकाळी पेणहून निघते आणि रोह्याला जाते. तुम्हीही अशा बसने जात असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, त्यात दोन प्रकारची माणसं असतात. एक झोपणारी आणि दुसरी झोपू न देणारी. मी अकाउंट्समधला, पहिल्या प्रकारातला. ताई स्टोअरमध्ये होत्या, हेल्मेट, हातमोजे, मास्क देणाऱ्या. पन्नाशी ओलांडलेली, केसात अबोलीचा गजरा असलेली ही बाई दुसऱ्या प्रकारातली असेल असं बघून कोणाला वाटलं नसतं.

मॅच म्हणजे काय, तर एका बाजूला कॉमिकमधला वीर आणि दुसऱ्या बाजूला मोबाइल गेममधला. दोघांना समोरासमोर उभं करायचं आणि कोण जिंकेल ते वाद घालून ठरवायचं. नावं ताईंनीच ठेवलेली. हातातून वीज सोडणारा, जांभळ्या झग्यातला तो वीजधर. फळं गोळा करत उड्या मारणारा आणि मधेच लाथ घालणारा तो बेडूकमल्ल. जमिनीखालून चालणारा पाताळी. पंच ताई आणि निकाल कंपनीचं गेट यायच्या आत लागलाच पाहिजे.

बेडूकमल्लाचा वकील होता पाटील. हा फिटर, जित्याहून मोटारसायकलने पेणला येऊन बस पकडणारा. आवाज असा, की त्याच्या शेजारी झोपणं म्हणजे लग्नाच्या बँडशेजारी झोपणं.

"ताई, माझ्या बेडकाला तीन जीव हायत," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "एकदा मेला तरी परत उठतो."

मागून कोणीतरी ओरडलं, "कॉमिकवाला तर मरतच नाय. पुढचा अंक निघायचा असतो ना!"

ताईंनी हात वर केला. "आपल्या मॅचमध्ये जीव एकच. कंपनीत हाय तसा."

हा पहिला नियम. दुसरा, लढण्याआधी वारा बघायचा. तिसरा नियम ऐकून मात्र मी डोळे उघडले.

"वीजधराला झगा हाय?" ताईंनी विचारलं.

"हाय की. लांबलचक."

"मग गेटवरच अडवला. फिरत्या मशीनपाशी सैल कपडा चालत नाय. उद्या पंपात अडकला तर त्याच्या बायकोला मी काय सांगू?"

असा तो महापराक्रमी वीर सिक्युरिटीच्या केबिनमध्ये बसून राहिला आणि बेडूक न लढता जिंकला. पाताळीचीही तीच गत. "रोह्यात जरा खणलं की पाणी," ताई म्हणाल्या. "कुंडलिका नदी काय त्याला विचारून वाहते?" पाताळी बुडाला, म्हणजे बुडाला नाही. ताईंच्या मॅचमध्ये कोणी मरायचं नाही. हरलेल्याने जिंकलेल्याला चहा पाजायचा आणि संध्याकाळी दोघांनी आपापल्या घरी जायचं.

त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच.

एकदा मी त्यांना विचारलं, हे वेड आलं कुठून? त्यांचं माहेर गागोद्याकडचं. लहानपणी धाकटा भाऊ पेणहून भाड्याने कॉमिक आणायचा, आणि त्याची शेवटची पानं हमखास फाटलेली असायची. नेमकी मारामारी रंगात आली की पुस्तक संपलं. मग ही दोघं भावंडं वालाच्या शेतात बसून पुढची मारामारी स्वतःच लावायची. पुढे भाच्याच्या मोबाइलवर गेम आले, तेव्हा जुन्या वीरांना नवे भिडू मिळाले.

"शेवट आपल्या हातात असला की बरं असतंय, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी सगळ्यांना घरी पाठवते."

आता त्या दुपारचं सांगतो.

सकाळी मॅच अर्धी राहिली होती. झगा काढून, साध्या शर्टपँटमध्ये का होईना, वीजधराला शेवटी आत सोडलं होतं आणि समोर बेडूकमल्ल उभा होता. भिसे खिंड संपली तरी वाद संपेना. गेट आलं तेव्हा ताई उतरता उतरता म्हणाल्या, "निकाल संध्याकाळी."

जेवणानंतर सायरन वाजला. सरावाचा नव्हता, थांबेचना. प्लँटच्या बाजूने घशाला झोंबणारा वास आला आणि आम्ही ऑफिसातले सगळे बाहेर पडलो. कुठे पळालो असू? बसकडे! इतकी वर्षं ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं एका क्षणात विसरलो. आमच्यासारख्या माणसांना घर म्हटलं की बस आठवते, आणि बस गेटजवळ उभी होती. मीही पळत होतो. तेवढ्यात मागून लग्नाच्या बँडसारखा आवाज आला.

"अरे, वारा कुठून हाय?"

पाटील होता. आणि खरं सांगतो, ते वाक्य कानावर पडताच आम्ही सगळे सवयीने थांबलो आणि वर बघितलं. टाकीवरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी थेट गेटकडे ताठ झाली होती. म्हणजे वास आमच्याबरोबरच बसकडे निघाला होता. आम्ही वळलो, बाजूच्या गेटने बाहेर पडून वाऱ्याच्या उलट्या अंगाला मोकळ्या माळावर जाऊन उभे राहिलो.

तिथे हजेरी झाली. स्टोअरमधलं कोणी आलं नव्हतं. ताई नव्हत्या.

स्टोअर प्लँटला चिकटून आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पाटील दोनदा परत निघाला, दोन्ही वेळा सुपरवायझरने त्याचा दंड धरला. मास्क लावलेली माणसं आत गेली होती, त्यांचीही काही खबर नव्हती. मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही. पण त्या माळावर उभा राहून मी मनात एकच घोकत होतो, ताई, तुमचाच नियम आहे, कोणी मरायचं नाही.

आणि मग कुंपणाच्या त्या टोकाकडून तीन आकृत्या येताना दिसल्या. तिघींच्या तोंडाला मास्क. मधल्या बाईच्या केसात अबोली. दोन्ही बाजूंना नदीकाठच्या वाडीतून झाडलोटीला येणाऱ्या दोघी, आणि ताईंनी दोघींचे हात घट्ट धरलेले. त्या दोघी घाबरून गेटकडे धावायला निघाल्या होत्या. ताईंनी त्यांना अडवलं, मास्क बांधले, "या गो, माझा हात सोडू नका," म्हणाल्या आणि मागच्या लांबच्या वाटेने, वारा तोंडावर घेत, फिरवून आणलं.

ताईंनी मास्क काढला. आधी पोटभर खोकल्या. मग पाटलाकडे बघून म्हणाल्या, "मॅच ड्रॉ. दोघांनी एकमेकांना चहा पाजा."

पाटील हमसून हमसून रडायला लागला. मी हसत होतो. हसता हसता माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी ते वासावर ढकललं. माझ्या छातीवरचं केवढं मोठं ओझं उतरलं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या खोकल्यासाठी त्यांना रात्रभर दवाखान्यात ठेवलं. आम्ही सगळे बाहेर बाकावर. सकाळी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "छाती साफ आहे. घेऊन जा." तेव्हा कुठे आम्ही चहा प्यायलो.

पुढे ताई रिटायर झाल्या आणि भावाकडे, गागोद्याकडे राहायला गेल्या. आता वाल लावतात. त्यांच्या खिडकीशेजारी पाटील बसतो आणि पंच म्हणून तो अगदीच बेकार आहे, दर मॅच बेडकालाच देतो. म्हणून वाद फार वाढला की वडखळ नाक्यावर आम्ही ताईंना फोन लावतो आणि स्पीकर चालू करतो.

त्या कोण लढतंय हे विचारत नाहीत. आधी तेच विचारतात, "वारा कुठून हाय?"

पाटील रुमाल घेऊन खिडकीतून हात बाहेर काढतो. सगळी बस गप्प होते. उत्तर मिळेपर्यंत ताई फोनवर थांबलेल्या असतात आणि तेवढ्यात स्पीकरमधून त्यांचा श्वास ऐकू येतो, सावकाश, मोकळा. मी झोपणाऱ्यांतला माणूस. पण त्या वेळी मी जागा असतो.