घोड्याचे मागचे पाय

घोड्याला बटणं नाहीत. पूर्वी होती, धावण्याच्या प्रवेशात ती तटातट तुटायची आणि घोड्याच्या कुशीतून माणसाचा बनियन दिसायचा. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाआधी घोडा शिवतात. दोन माणसं आत शिरतात, कपडेपट सांभाळणारी मावशी दाभणात जाड दोरा ओवते आणि शेपटीपासून कुशीवरून गळ्यापर्यंत टाके घालत जाते. खेळ संपला की तीच ते कात्रीने उसवते. मधल्या वेळात आतल्यांना खाज सुटली, शिंक आली किंवा पश्चात्ताप झाला, तरी बाहेर यायची सोय नाही.

या घोड्याचे मागचे पाय म्हणजे लहान मुलांची नाटकं करणाऱ्या या कंपनीचे सुतार. पन्नाशी ओलांडलेले, उंच, हाताला कायम सरसाचा वास. कंपनीत त्यांना 'मागचे' म्हणतात. घोड्याचं डोकं, पुढचे पाय आणि आवाज ज्यांच्याकडे होता ते 'पुढचे'. ही नावं नाटकगृहाबाहेरही पोचली. भाजीवाली मागच्यांच्या बायकोला विचारते, "मागचे बरे आहेत ना?" बायको चिडली की घरी म्हणते, "आयुष्यात एकदा तरी पुढे व्हा हो!"

पुढे होण्याचा प्रयत्न त्यांनी तरुणपणी एकदा केला होता. दूताची भूमिका. वाक्य एकच: 'महाराज, शत्रू वेशीपाशी आला.' ते आले, उभे राहिले, प्रेक्षकांकडे पाहिलं आणि त्यांचा जबडा उघडेना. राजा झालेल्या नटाने बरीच वाट पाहिली आणि शेवटी स्वतःच विचारलं, "काय रे, शत्रू आला का?" दूताने मान हलवली. नाही, अशी. त्या दिवशी युद्ध न होताच नाटक संपवावं लागलं.

त्यानंतर ते रंगमंचावर आले ते फक्त घोड्याच्या पोटातून. "आत अंधार असतो. कमरेत वाकायचं, पुढच्यांच्या टाचा बघायच्या. बास," ते सांगतात. पुढच्यांनी उजवी टाच आपटली की चालायचं, दोनदा आपटली की धावायचं, घासली की थांबायचं. शेवटी पडदा पुन्हा वर जायचा तेव्हा मावशी विंगेत गळ्याचे टाके कापायची. पुढचे घोड्याचं डोकं काखेत मारून लोकांना नमस्कार करायचे. मागचे तसेच वाकलेले. इतक्या वर्षांत प्रेक्षकांनी त्यांचा चेहरा पाहिलेला नव्हता, आणि त्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती.

मग पुढच्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी घोडा बंद केला.

कंपनी चालवणाऱ्या बाईंनी मागच्यांना बोलावलं. "आता तुम्ही पुढे व्हा. वाक्यं तुम्हाला पाठ आहेतच."

"मला बोलता येत नाही बाई."

"मग आत्ता काय करताय?"

"समोर माणसं नाहीत ना."

"मी कोण आहे, खांब?" बाई म्हणाल्या. "हे बघा, तुम्हाला नसेल जमत तर प्लायवूडचा घोडा करून द्या. चाकांवरचा. राजा ढकलत नेईल, आवाज रेकॉर्ड करून वाजवू. दोन्हीपैकी काय ते तुम्हीच ठरवा."

म्हणजे पुढे झालं नाही तर स्वतःची जागा घेणारा घोडा स्वतःच्याच हाताने करायचा. त्यांनी तेही करून पाहिलं. फळीवर आकार काढला, करवतीने डोकं आणि मान कापली आणि मशीन बंद केलं. पाठीचा बाक कापायला हात उचलेना.

"मग व्हा की पुढे," चहा ओतता ओतता बायको म्हणाली. "मागे माझ्या भावाला घ्या. तो कुठेही बडबडत राहील, तुम्हाला एकटं वाटणार नाही."

बायकोचा भाऊ नाटकगृहातच दिव्यांचं काम पाहतो. तो लगेच तयार झाला. तालमीत दोघांचं छान जमलं. टाच आपटली की मेहुणा चालायचा, आणि मागच्यांच्या तोंडून घोड्याची वाक्यं स्वच्छ यायची. समोर रिकाम्या खुर्च्या होत्या.

प्रयोगाच्या दिवशी मावशी गळ्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी घोड्याच्या तोंडातल्या जाळीतून विंगेच्या फटीकडे पाहिलं. सभागृह भरत होतं.

"मावशी, उसवा."

"कशाला?"

"मला नाही जमणार. पाया पडतो तुमच्या."

"आधी वाकून दाखवा," मावशी म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला.

पडदा वर गेला तेव्हा घोडा तबेल्यात उभा होता. जाळीतून समोर चेहरेच चेहरे. तोंडं उघडी टाकून बसलेली मुलं, त्यांच्या आया, खुर्चीवर गुडघे टेकून उंच झालेला एक मुलगा. राजाने लगाम धरला. "चल माझ्या घोड्या, निघू या!"

घोडा हलेना. राजाने लगाम ओढला. मान लांब झाली, पाय तिथेच.

"मी मुद्दाम थांबलो नव्हतो," मागचे सांगतात. "मी टाचेची वाट बघत होतो." मेहुणाही वाट बघत होता, मागच्यांच्या टाचेची. पोटातून आवाज आला, "भाऊजी, टाच!"

"कुणाची?"

"तुमची! माझ्या टाचेला कोण विचारतंय?"

"घोड्याच्या पोटात काका आहे!" गुडघ्यांवरचा मुलगा ओरडला. सभागृह हसलं आणि मागच्यांचा जबडा दूताच्या वेळेसारखाच घट्ट मिटला. दूत निदान चालत निघून गेला होता. इथे निघून जायचं तर मेहुण्याला बरोबर न्यावं लागलं असतं. बाजूला राजा, समोर ते चेहरे आणि गळ्यापर्यंत टाके. श्वास परत स्वतःच्याच तोंडावर येत होता.

मग ते वाकले. ठरवून नाही; जीव घाबरला आणि कमरेला घोड्यातली जुनी सवय आठवली. घोड्याचं नाक जमिनीला टेकलं. जाळीतून आता फक्त फळ्या दिसत होत्या, त्यांनीच ठोकलेल्या. एका फळीला गाठ होती. ती बदलायची राहून गेली होती. गाठीशेजारी त्यांचा स्वतःचा बूट. त्यांनी उजवी टाच आपटली.

घोडा जमीन हुंगत चालू लागला. राजा जुना नट. त्याने पदरचं वाक्य घातलं, "काय शोधतोस रे?"

"महाराज, मला भूक लागली आहे," घोडा फळीला म्हणाला. हे त्याचं नाटकातलं पहिलंच वाक्य होतं. सगळे पुन्हा हसले, पण आता ते घोड्याला हसत होते. पुढची सगळी वाक्यंही मागच्यांनी फळ्यांना ऐकवली. घोड्याने शेवटपर्यंत मान वर केली नाही.

खेळ संपला. मावशी विंगेत कात्री घेऊन आली. "डोकं काढा."

"राहू दे डोकं."

पडदा पुन्हा वर गेला आणि घोडा डोक्यासकट लोकांसमोर उभा राहिला. टाळ्या चालू होत्या. आत मेहुणा म्हणाला, "भाऊजी, मी मरतोय इथे." त्याच्या खिशात टेस्टर होता. त्याने टाक्यांत तो घातला, कूस टराटरा उसवली आणि डोकं आणि दोन्ही हात बाहेर काढले. मुलांनी सभागृह डोक्यावर घेतलं. मेहुणा हात हलवू लागला.

जाळीतून मागच्यांना दिसलं, सगळे चेहरे त्यांच्यावरून सरकून घोड्याच्या मागच्या भागाकडे गेले होते.

"तिथे इतकी वर्षं मी होतो," ते सांगतात. "हात बाहेर काढायचं मला कधी सुचलं नाही. आणि हा पहिल्याच दिवशी!"

त्यांनी घोड्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून उपटलं. गळ्याचे टाके तुटले. घामाने केस चिकटलेला, लालबुंद चेहऱ्याचा एक उंच माणूस उजेडात उभा राहिला. टाळ्या तोवर ओसरत आल्या होत्या. "हे कोण?" गुडघ्यांवरच्या मुलाने आईला विचारलं. मागचे त्याच्याकडे बघत राहिले. पळून जावंसं फार वाटलं, पण छातीपासून कमरेपर्यंत ते अजून शिवलेले होते. पडदा पडेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

प्लायवूडच्या घोड्याचा विषय बाईंनी पुन्हा काढला नाही. त्याची कापलेली मान सुतारकामाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. मागचे तिच्यावर शर्ट अडकवतात. घोडा अजूनही जमिनीकडे बघूनच बोलतो. शेवटी डोकं मात्र मावशीच कापून काढते, कारण उपटलेला गळा पुन्हा शिवणार नाही, असं तिने बजावलंय.

भीती गेली का, असं विचारलं की मागचे विचारणाऱ्याकडे वेड्यासारखं बघतात. बाकीचे नट अजून चहा पीत असतात तेव्हाच हल्ली ते घोड्यात शिरून बसतात आणि मावशीला हाका मारतात.

"एवढी काय घाई?" मावशी विचारते. "घंटा व्हायची आहे अजून."

"शिवून टाका आधी," ते आतून म्हणतात. "नंतर मी सापडायचो नाही. आणि दोरा दुहेरी घाला."