जवळची विंग

"ती म्हणाली, मी या घरातून जाणार नाही," रत्नप्रभाकाकूंनी सांगितलं.

"कोण म्हणाली?"

"थोरली सून."

"आणि सासू?"

"अहो, सासूचं बोलून झालं पण. आता धाकटा दीर बोलून राहिलाय."

काशिनाथराव हसले. पण सासूच्या टोमण्यावरचं ते हसू दोन वाक्यं उशिरा आलं आणि तोवर पडद्यावर रडारड सुरू झाली होती. आपण भलत्या जागी हसलो हे त्यांच्या लक्षात आलं. चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "राहू दे गं. मी आपली नुसती चित्रं बघतो."

सोनागिरीतल्या त्या घरात गेले सहा महिने संध्याकाळी साडेसातला हे असंच चालायचं. टीव्हीवर मालिका, एका खुर्चीत काशिनाथराव, खांबापलीकडच्या दुसऱ्या खुर्चीतून वाकून वाकून एकेक वाक्य त्यांना सांगणाऱ्या काकू. पण नुसती चित्रं बघतो, हे त्या दिवशी पहिल्यांदाच आलं. आणि ते काकूंना फार लागलं.

कारण काशिनाथराव हा टीव्हीशी भांडणारा माणूस. "अरे बैला, पत्र आधी वाच की!" "ती खोटं बोलतीय, तुला कळंना का?" असं पडद्याला सुनावत ते मालिका बघायचे. नटानं चुकीच्या जागी श्वास घेतला तरी त्यांना खपायचं नाही. चाळीस वर्षं काकू या आरड्याओरड्याला वैतागल्या होत्या. आता तोच माणूस मालगाडी जायची वाट बघत फाटकापाशी थांबल्यासारखा टीव्हीपुढे बसायचा. कुणाशीच भांडायचा नाही. काकूंना दुसरं काही नको होतं. भांडणारा नवरा तेवढा परत हवा होता.

दोघांची जोडी मुळातच गमतीची. काशिनाथराव कराडकडचे, काकूंचं माहेर उज्जैन. "तुझं मराठी म्हणजे पोह्यांवर शेव," असं ते लग्नापासून चिडवायचे. "शेव नसली तर पोहे तुमच्या गळ्याखाली उतरतात का?" हे काकूंचं ठरलेलं उत्तर. काशिनाथराव इथल्या, या हिंदी मुलखातल्या मोठ्या कारखान्यात लागले ते प्लेट शॉपमध्ये. लोखंडी पत्र्यांवर दिवसभर घण. कानात कापसाचे बोळे घालायचे, तेही कुणी साहेब आला तर. शॉपमधून सुटलेला माणूस घरी आल्यावर पहिला अर्धा तास ओरडूनच बोलायचा. कारखान्याच्या बरखेड्यातल्या क्वार्टरांत दर घरी हा अर्धा तास असायचा, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे. चौतीस वर्षांनी तो आवाज थांबला, पण कानांतून जाताना बरंच काही घेऊन गेला.

मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी नाटक व्हायचं. काशिनाथरावांना हटकून भूमिका असायची, आणि प्रॉम्प्टिंगला रत्नप्रभाकाकू. सत्तावीस वर्षं. घरी 'करून राहिले, जाऊन राहिले' म्हणणाऱ्या या बाईला तीन अंकी नाटक काना-मात्रेसकट पाठ असायचं. वही आणि पेन्सिलीएवढी बॅटरी घेऊन त्या पडद्याआड अनवाणी उभ्या राहायच्या. अनवाणी अशासाठी, की नट स्टेजवर इकडून तिकडे गेला की काकूही मागच्या पडद्याआडून धावत दुसऱ्या विंगेत जायच्या. अख्खं वाक्य त्या कधी सांगत नसत, फक्त पहिला शब्द. तोही ओरडून नाही. "शब्दाला टोक असलं की पुरतं," त्या नव्या मुलींना सांगायच्या. काशिनाथराव अडले की उजव्या हाताने धोतराचा सोगा चाचपायचे. सोग्याकडे हात गेला की काकूंचा शब्द पोहोचलेला असायचा. समोर बसलेल्यांना कधी पत्ता लागला नाही.

आणि आता अख्खी मालिका प्रॉम्प्ट करायची वेळ आली होती, तीही पहिल्या शब्दावर न भागणारी.

टीव्ही मुलीने, जुईने, सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून पाठवला होता. भला मोठा, पातळ, आरशासारखा. बसवायला आलेल्या माणसाने तो भिंतीवर, जुन्या शोकेसच्या बरोबर वर टांगला. चित्र असं की नटीच्या नाकातली चमकीसुद्धा मोजून घ्यावी. आवाज मात्र गोधडीतून आल्यासारखा. वाढवला तर वाजंत्री वाढायची, शब्द होते तसेच बोथट. साठावर आकडा गेला की शेजारच्या सरोजवहिनी भिंतीपलीकडून सगळं ऐकायच्या. एकदा भाजीवाल्यापाशी त्या म्हणाल्या, "काकू, अभिनंदन! थोरल्या सुनेला दिवस गेलेत म्हणे." काकूंना हसावं की शोकेसमध्ये जाऊन बसावं, कळेना.

'नुसती चित्रं बघतो' झाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी टीव्ही लावला आणि पदर खोचून त्याच्याभोवती फिरल्या. समोरून कान लावला, बाजूने लावला, स्टुलावर चढून वरून लावला. शेवटी खाली हात धरला तेव्हा तळव्याला थरथर लागली. आवाज खालून निघत होता! शोकेसवरच्या विणलेल्या जाड रुमालावर आपटत होता आणि मग उरलासुरला खोलीत येत होता.

"म्हणजे नट जमिनीकडे बघून बोलून राहिलाय," काकू स्वतःशीच म्हणाल्या.

रुमाल काढला. फरक पडला, चार आण्यांचा.

फोनवर जुई म्हणाली, "आई, माझा तो गोल ब्लूटूथ स्पीकर पडलाय ना तिथे? तो जोड." काकूंनी विचारून विचारून जोडला. आवाज लख्ख आला. काशिनाथराव सावरून बसले आणि दोन मिनिटांत वैतागले.

"हिचे ओठ आधी हलतायत आणि शब्द मागनं येतायत. भूतबाधा झालीय का हिला?"

खरंच तसं होतं. अर्ध्या पावलाचाच उशीर, पण ओठ बघून बघून शब्द जुळवायची सवय लागलेल्या माणसाचा त्याने पुरता गोंधळ उडाला. काकूंनी स्पीकर लगेच बंद केला. प्रॉम्प्टर गप्प राहिला तर चालतो, उशिरा बोलला तर नट मरतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आता वायरवालाच हवा.

इंद्रपुरीत जितेंद्रचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, जुने कॉम्प्युटर, सगळं एकावर एक. काकूंनी टीव्हीच्या पाठीचा फोटो त्याला दाखवला. त्याने मोठा करून बघितला. "आंटी, हेडफोन का छेद है इसमें. काम हो जाएगा." बंद पडलेल्या कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासच्या खोक्यातून त्याने विटेएवढ्या दोन पेट्या काढल्या, झटकल्या, वाजवून दाखवल्या. साडेतीनशे रुपये. "टीवी के अगल-बगल रख देना, बस. फिर देखना अंकल का डांस."

त्याने सांगितलं तसंच काकूंनी केलं. शोकेसवर, टीव्हीच्या दोन बाजूंना एकेक पेटी. खरोखरच छान ऐकू येऊ लागलं. काकूंना.

"येऊन राहिलं का ऐकू?"

"येतंय की," काशिनाथराव म्हणाले. पण काकूंनी पाहिलं, त्यांचा उजवा हात पायजम्याच्या काठाशी गेला होता. सोगा नव्हता तरी हात तो शोधत होता.

त्यांनी आवाज वाढवला. खोली घुमायला लागली. फरशी गुळगुळीत, कपाट पत्र्याचं, भिंती उघड्या. एकेक शब्द तीन ठिकाणी आपटून मग खुर्चीपर्यंत पोहोचत होता.

"बास कर आता," काशिनाथराव उठले. "माझे कानच गेलेत, त्याला तू तरी काय करणार? उगा त्या पेट्यांना दोष." ते अंगणात जाऊन तुळशीपाशी उभे राहिले. पाणी सकाळीच घालून झालं होतं, तरी पुन्हा घातलं.

काकू खुर्चीतच बसून राहिल्या. जुईने दोनदा कानाच्या मशिनचा विषय काढला होता, तर हे "मला म्हातारा ठरवायची घाई झालीय तुम्हाला" म्हणून जेवणावरून उठले होते. डॉक्टरचं नाव काढायची सोय नव्हती. पेट्यांवरही आता यांचा विश्वास उरला नव्हता.

समोर टीव्ही, त्याच्या कडेला पेट्या, आणि इथे, बारा फुटांवर, खुर्ची. काकू बघत बसल्या. मग एकदम त्यांना हसूच आलं. सत्तावीस वर्षं जे केलं तेच नेमकं घरात विसरून गेलो? प्रॉम्प्टर कधी पडद्याजवळ उभा राहतो का? जो अडलाय त्याच्या जवळच्या विंगेत राहतो. आपण पेट्या नाटकाजवळ ठेवल्या. अडलेला माणूस तर इथे बसलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे उरकून त्या पुन्हा दुकानात.

"पाँच मीटर वायर? आंटी, टीवी को मोहल्ले में घुमाना है क्या?"

"अंकल के पास ले जाना है," काकू म्हणाल्या.

वायर भिंतीच्या कडेकडेने नेली, पायात येऊ नये म्हणून चिकटपट्टीने दाबली. मुख्य पेटी काशिनाथरावांच्या डाव्या हाताशी, तिवईवर, कानाच्या उंचीला, कारण डावा कान त्यातल्या त्यात बरा होता. त्या पेटीवर दोन बटणं होती. एक आवाजाचं, एक ढबढब वाढवायचं. ढबढबीचं काकूंनी पार खाली पिळलं. वाजंत्री विझली आणि शब्दांना टोक आलं. राहिली दुसरी पेटी. ती आपल्या खुर्चीशी ठेवावी म्हटलं, तर दोन पेट्यांना जोडणारी वायर जेमतेम चार फूट. मधे फ्रीज टेकवलेला खांब होता, म्हणून वर्षानुवर्षं या दोन खुर्च्या लांब लांब होत्या. काकूंनी खांबाला वळसा घालून आपली खुर्ची ओढत आणली आणि त्यांच्या खुर्चीला भिडवली.

"हे काय आता?" काशिनाथरावांनी विचारलं.

"वायर कमी पडून राहिली. बसून जा."

साडेसात वाजले. आवाजाचा आकडा अठरा. इतका हळू, की भिंतीपलीकडच्या सरोजवहिनींची त्या दिवशी गैरसोयच झाली असणार.

थोरली सून आली. सासऱ्यांपुढे, सहीच्या कागदांपाशी उभी राहिली. काशिनाथराव पडद्याकडे बघत होते, पण मान जराशी डावीकडे कललेली. काकू त्यांच्या हाताकडे बघत होत्या. हात मांडीवर होता. तसाच राहिला.

सासरा म्हणाला, "तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, सूनबाई."

काकूंचं तोंड सवयीने उघडलं. "म्हणाला की तुझ्यावर माझा..."

"गप की गं! ऐकू दे!" काशिनाथराव खेकसले. आणि लगेच पडद्याकडे वळून, "थापा मारतोय! विश्वासाच्या आधी अडखळला बघ. आवाजच सांगतोय! अगं पोरी, सही करू नगंस, ऊठ तिथनं!"

काकूंनी ओठ मिटले. प्रयोग चांगला झाला की प्रॉम्प्टरची आठवण कुणाला राहत नाही. पण 'गप' इतक्या मोठ्याने आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आणि ऐकून इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. पदराने डोळे टिपायचे सोडून त्या आपला चष्मा पुसत बसल्या.

सुनेने सही केलीच. काशिनाथरावांनी तिची, सासऱ्याची आणि मालिका लिहिणाऱ्याची खरडपट्टी काढली. मग जाहिराती लागल्या. काकूंनी बटण पिळून पेट्या बंद केल्या. बाहेर कुणाच्या तरी सायकलची बेल वाजली. ती काशिनाथरावांना ऐकू आली नाही. येणारही नव्हती.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "का गं, गप्प का?"

"तुम्हीच म्हणालात गप बस."

"मालिकेत म्हणालो. जाहिरातीत बोलायला तुला कुणी धरलंय?" मग तिवईवरच्या पेटीवरून बोट फिरवत, जरा दबकत, "ते जुई म्हणत होती, कानाचा डॉक्टर... कुठं बसतो तो?"

"पिपलानीत."

"जाऊन येऊ एकदा. अजून शिल्लक आहे म्हणायचं काहीतरी. किती आहे ते कळू दे की."

"उद्या?"

"उद्या. पण साडेसातच्या आत घरी."

काकूंनी डॉक्टरची वेळ सांगितली, मग जितेंद्रने केलेली वायरची थट्टा सांगितली, मग सरोजवहिनींनी सुनेचं केलेलं अभिनंदन सांगितलं. ते काशिनाथरावांना आजवर ठाऊकच नव्हतं. ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, अगदी जागच्या जागी. खुर्च्या भिडलेल्या होत्या, त्यामुळे मोठ्याने बोलावं लागत नव्हतं. जाहिराती केव्हाच संपल्या होत्या. पडद्यावर थोरली सून हात जोडून काहीतरी म्हणत होती, आणि पेट्यांचं बटण उघडायचं दोघांनाही सुचलं नाही.