ग्लास, तीन बाजूंनी

सोमवारी माझ्या बायकोची वाचा गेली. चहा गाळता गाळता ती खाली बसली आणि त्यानंतर बोलली नाही. उजवा हातही गेला, त्यामुळे लिहिणं संपलं.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना तांत्रिक लेखन शिकवतो. बाण कुठं द्यावा, यंत्रावरची सूचना न वाचताही कशी कळावी, हा माझा विषय. तेव्हा तिच्यासाठी चित्रांचा तक्ता करावा, हे मलाच सुचलं. डाव्या हाताचं बोट ठेवलं की काय हवंय ते कळावं. मला चित्रं काढता येत नाहीत. मी वर्गाला सांगितलं.

कन्नड तालुक्यातल्या एका मुलानं पाण्याचा ग्लास काढून आणला. समोरून, वरून आणि बाजूनं, मापांच्या रेषांसकट.

"अरे, काकूंना पाणी प्यायचंय," त्याच्या शेजारी बसलेली मुलगी म्हणाली. "ग्लास वाळूजच्या कारखान्यात बनवायला टाकायचा नाय."

"तिन्ही बाजू नाय दाखवल्या तर मार्क जातेत."

"काकू मार्क देणारेत व्हय तुला?"

वर्ग हसला. मीही हसलो. ग्लास तसाच ठेवला आणि औरंगपुऱ्यात तक्ता लॅमिनेट करून घेतला.

तो ग्लास पाहून ती ओठांच्या एका कोपऱ्यातून हसली. मग पंखा, गोळी, आमच्या मुलीचा फोन, सगळ्यांवरून बोट फिरवत तिनं ते खालच्या मोकळ्या जागेवर टेकवलं.

"पाणी?" तिनं मान हलवली. "दुखतंय?" पुन्हा नाही.

"मग काय गं?"

बोट तिथंच.

मी मुलांकडून आणखी चित्रं काढून घेतली. खिडकी, देवघर, लोणच्याची बरणी. तिचं माहेर काढा म्हणालो, तर मुलांनी विचारलं, "माहेर कसं काढायचं, सर?" प्रत्येक नव्या तक्त्यावर ती मोकळी जागा शोधायची. शेवटी मी कुठंच जागा ठेवली नाही. तेव्हा तिनं बोट तक्त्याबाहेर, चादरीवर ठेवलं.

"काकू वापरतात का तक्ता?" कन्नडचा मुलगा विचारायचा.

"वापरतात," मी म्हणायचो.

उन्हाळ्यात ती गेली.

आता नवा वर्ग आहे. चित्राभोवती जागा सोडा, असं मी त्यांना शिकवतो. तक्ते तिच्या कपाटात आहेत. तिला काय हवं होतं, ते मला माहीत नाही.