मीटररूममध्ये

मुलुंडला एका सोसायटीच्या गेटलगत, फूटपाथवर, आई भाजी विकायची. अळू, लाल माठ, केळफुलं. माझी नोकरी सुटली होती, म्हणून मीही तिच्यासोबत बसत होते.

त्या संध्याकाळी कोपऱ्यावरचा केळेवाला ओरडला, "गाडी आली! उठा!"

पालिकेची गाडी. लिंबूवाली ओच्यात लिंबं भरून गल्लीत पळाली. मी भाजीसकट ताडपत्रीची टोकं गोळा करून गाठोडं बांधलं. आईला मात्र उठता येईना. गुडघे धरले होते.

"माका धावूक जमाचा नाय गो. तू वजनाचो काटो घेवन जा."

"गप. हात दे आधी."

मागच्या वेळी सगळा माल उचलून नेला होता, तेव्हा आई कितीतरी दिवस कोणाशी बोलली नव्हती. मी तिला ओढत होते, तेवढ्यात आमच्या मागचं सोसायटीचं गेट उघडलं. फूटपाथ अडवता म्हणून रोज आमच्याशी भांडणारे सोसायटीतले आजोबा काठी टेकत उभे होते.

"आत या. लवकर."

वॉचमन कुरकुरला, "साहेब, कमिटीवाले..."

"बघतो मी. मीटररूम उघड."

आत काळोख. आईला खोकला येत होता, तिने पदर तोंडात कोंबला. बाहेरून आवाज आला, "इथे भाजीवाली बसते ना?"

"बसते," आजोबा म्हणाले. "तक्रार मीच केली होती."

आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"मग गेली कुठे?"

"तुम्हाला बघून पळाली. स्टेशनकडे."

बूट दूर गेले. गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं, तरी आम्ही हललो नाही. शेवटी आजोबांनीच दार उघडलं.

"तक्रार तुम्ही केली?" माझा आवाज चढला.

"हो. तुमच्यामुळे मला रस्त्यावर उतरून रिक्षांच्या मधून चालावं लागतं. भीती वाटते मला."

"मग लपवलंत कशाला?"

"तुझ्या आईला उठता येत नव्हतं. ते बघवलं नाही."

आई म्हणाली, "उद्यापासून पलीकडे बसू."

आता आम्ही फूटपाथवरच्या विजेच्या डब्यापलीकडे बसतो. तिथे गिऱ्हाईक कमी, पण फूटपाथ रुंद आहे. आजोबा समोरून जातात तेव्हा आई त्यांना हाक मारून अळू देते. मला अजून त्यांच्याशी नीट बोलता येत नाही. आईला मी प्लास्टिकचं स्टूल आणून दिलंय. त्यावरून तिला पटकन उठता येतं.