बाणातला ण

विनोदी मालिकांमधलं ते डब्यात भरून ठेवलेलं हसणं ऐकलं की मला आजही किळस येते. शी! माणूस धड बोललेलाही नसतो आणि न दिसणारी पन्नास माणसं खदाखदा हसून मोकळी. घरात कुणी असलं काही लावलं की मी उठून आत जाते. मुलं म्हणतात, आईला विनोद कळत नाही. नाही कळत तर नाही.

कॉलेजात होते तेव्हा मात्र अशाच एका मालिकेवर मी जीव टाकायचे. मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये राहणारे पाच मित्रमैत्रिणी, त्यांची भांडणं, रुसवे, थट्टामस्करी. आम्हीही चौघी मैत्रिणी. तिघी नालासोपाऱ्याच्या, एकाच बिल्डिंगमधल्या, बोलणं अगदी छापील. मी वसईच्या मिठागराकडच्या गावातली. आमच्या बोलण्यात ‘ण’ नव्हताच. पानी, कोन, लोनी. कॉलेजात मी तो घोटून घोटून शिकले होते, आणि घरी जिला ‘आये’ म्हणायचे तिला मैत्रिणींसमोर ‘आई’ म्हणायला लागले होते. त्या तिघींनी मला आपल्यातली म्हणावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी काय वाट्टेल ते केलं असतं मी, आणि केलंही.

एका शनिवारी त्यांच्या बिल्डिंगची केबल बंद पडली, म्हणून दुपारी पुन्हा दाखवतात तो भाग बघायला तिघी आमच्याकडे आल्या. नेमका त्या दिवशी भाग कुठला लागावा? पाचजणांतल्या एकाची मामी गावाहून येते, आणि त्याच्या ऑफिसातल्या साहेबांसमोर तिनं तोंड उघडू नये म्हणून हे शहाणे तिला कधी बाथरूममध्ये, कधी कपाटात कोंडतात. अर्धा तास विनोद एकच. मामी ‘पानी’ म्हणायची. बस्स! ‘पानी’ म्हणाली की तो हसण्याचा डबा फुटायचा, ‘कोन’ म्हणाली की पुन्हा फुटायचा. त्या नटीनं तसं बोलणं बापजन्मात ऐकलं नसेल, नाकातून कसलेतरी हेल काढत होती मेली. माझ्या मैत्रिणी हसून लोळत होत्या. मी त्यांच्याहून मोठ्यानं हसत होते.

तेवढ्यात आई तांब्या आणि पेले घेऊन आली. म्हणाली, “पोरींनो, पानी घ्या.”

तिघींनी एकमेकींकडे बघितलं आणि फिस्सकन हसल्या. आईला वाटलं, टीव्हीवर काही झालं असेल. तीही हसली.

माझं डोकंच फिरलं. “पानी काय, पानी! पाणी म्हण ना! बाणातला ण!” आमच्या शाळेतल्या बाईही कधी इतक्या तुसडेपणानं बोलल्या नव्हत्या. आई पेले ठेवून आत गेली. शाळा जेमतेम दोन वर्षं बघितलेली बाई ती, मिठागरात डोक्यावर पाट्या वाहून मला कॉलेजात धाडलेली. पण मला लाज वाटली ती तिची. स्वतःची नाही. थू!

त्या आठवड्यात तांदूळ निवडताना ती एकटीच पुटपुटायची. मला वाटलं, देवाचं काहीतरी चाललंय. विचारलं नाही.

पुढच्या शनिवारी तिघी परत आल्या. त्यांची केबल केव्हाच सुरू झाली होती, त्या कशाला आल्या ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी त्यांना दारातून हाकललं नाही. उलट उशा नीट लावून दिल्या.

आई ठेवणीतली साडी नेसून बाहेर आली. जीभ वळवून, सावकाश म्हणाली, “पाणी घ्या.”

अगदी बरोबर! माझा जीव भांड्यात पडला. पण ती थांबली कुठे? “बाहेर ऊण किती पडलंय! दोण दोण लाडू पण घ्या. आणि बघा तुमचं ते, मण लावून.”

सापडेल त्या ‘न’चा ‘ण’ करून टाकला होता तिनं. आठवडाभर पुटपुटत होती ते हे.

आधी कोण हसलं? खोटं कशाला बोलू, मीच. तिघींच्याही आधी. त्यातली एक म्हणाली, “काकू, तुम्ही मालिकेतच का नाही जात?” आणि मी तिला टाळी दिली. त्या टाळीची मला अजून इतकी घाण वाटते की हात धुवावासा वाटतो.

त्या गेल्यावर आई पेले गोळा करायला आली. पोरी एवढ्या हसल्या म्हणजे खूश होऊन गेल्या, अशीच तिची समजूत. चेहरा नुसता खुलला होता. पेले उचलता उचलता तिनं हळूच, एकेक अक्षर जपून मला विचारलं, “आज तुझी माण नाय ना खाली गेली?”